प्रपोझिशन ८ नंतर: डबा अजून शेजाऱ्यांकडेच आहे

तळ्याकाठचा – ७ नोव्हेंबर २००८, रात्री १.४०

मंडळी, पाच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा आणि तो हा. शुद्धलेखन सांभाळून घ्या, मंगळवारपासून धड झोप नाही.

मी मूळचा सांगलीचा, फ्रीमाँटला राहतो. सप्टेंबरात माझं लग्न झालं. काउंटीच्या ऑफिसात, वीस मिनिटांत, ऑफिसातल्या दोन मैत्रिणी आणि एक गुच्छ. आमचे हे इथलेच, अमेरिकन. (होय, 'आमचे हे'. आई बाबांबद्दल असंच बोलायची. पार्टनर म्हटलं की धंद्यातला वाटतो.)

भारतातल्यांसाठी थोडक्यात. १५ मे रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ असा निकाल दिला की समलिंगी जोडप्यांना लग्न नाकारता येणार नाही. १६ जूनच्या संध्याकाळपासून लग्नं लागायला लागली. सॅन फ्रान्सिस्कोत पहिलं लागलं डेल मार्टिन आणि फिलिस लायन यांचं. पन्नासहून जास्त वर्षं एकत्र काढलेल्या दोघी. डेल ऑगस्टमध्ये वारल्या, लग्नानंतर अडीच महिन्यांत. आणि ४ नोव्हेंबरला मतपत्रिकेवर प्रपोझिशन ८: राज्यघटनेत एकच वाक्य घाला, की फक्त स्त्री आणि पुरुष यांचंच लग्न वैध. ५२ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं.

त्या रात्री आमच्याकडे बाराजण जमले होते. आठ वाजता ओबामा जिंकल्याचं जाहीर झालं, सगळे रडले, कोणीतरी माझ्याच शर्टाला नाक पुसलं. मग टीव्हीच्या खालच्या पट्टीत ८ चे आकडे यायला लागले. एकेक जण चपला शोधायला लागला. त्यातच आईचा फोन. "अरे, तुमचा ओबामा आला की! पेढे वाटलेस का?" तिला लग्नाचं माहीत आहे. ती ते 'तुझं तिकडचं' म्हणते. मी म्हटलं, वाटतो उद्या.

आता मूळ मुद्दा. आमच्या उजव्या हाताचे शेजारी मॉर्मन आहेत (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ, त्यांच्या चर्चने ८ साठी जोर लावला होता). माणसं लाख. गेल्या वर्षी ह्यांचं अपेंडिक्स काढलं तेव्हा बाई तीन दिवस रोज बटाटे आणि चीजचं भलंमोठं ताट आणून देत होत्या. ऑक्टोबरात त्यांच्या लॉनवर निळी-पिवळी 'यस ऑन ८' ची पाटी लागली. २८ तारखेला दिवाळी. दरवर्षी त्यांना फराळ देतो. यंदा चुलीवर कढई ठेवून मी अर्धा तास विचार करत उभा राहिलो, आणि शेवटी चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू डब्यात भरून, त्या पाटीला वळसा घालून त्यांची बेल वाजवली. बाईंनी हसून घेतला. पाटीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

तो डबा अजून त्यांच्याकडे आहे. स्टीलचा, आईबाबांच्या लग्नात आहेरात आलेला, झाकणावर देणाऱ्याचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली.

काल रात्री आणखी एक गोष्ट केली, जी करायला नको होती. इथे शंभर डॉलरच्या वरच्या देणगीदारांची नावं, गाव, नोकरीचं ठिकाण, सगळं जाहीर असतं. शेजाऱ्यांचं नाव टाकलं. सापडलं. रक्कम सांगत नाही.

माझं धर्माशी वाकडं नाही. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती बसतो, हे आरतीला टाळ वाजवतात, ताल सोडून. पण ज्यांच्या श्रद्धेला मी लाडू देतो तीच श्रद्धा माझ्या लग्नावर शाई फिरवायला पैसे देते. डबा आणायला जाऊ का? गेलो तर काय बोलू?

तिरकस – ७ नोव्हेंबर २००८, सकाळी ८.०५

त्याच मतपत्रिकेवर प्रपोझिशन २ होतं. अंडी देणाऱ्या कोंबडीला पंख पसरता येतील एवढी जागा मिळाली पाहिजे. ते ६३ टक्क्यांनी पास झालं. तुम्ही दोघांनी अंडी घालायला सुरुवात केलीत तर काहीतरी होऊ शकेल.

(हलकं घ्या. मनापासून वाईट वाटलं.)

पेठकर – ७ नोव्हेंबर २००८, सकाळी ९.३२

धागाकर्त्याबद्दल सहानुभूती आहे. पण मतदान झालं, कौल लागला. चार न्यायाधीशांनी दिलेलं लाखो मतदारांनी परत घेतलं. लोकशाही म्हणजे आपण जिंकलो तर लोकशाही आणि हरलो तर कोर्ट, असं नसतं. लोकांचा कौल मान्य करा आणि पुढच्या वेळी लोकांना पटवा.

वकिलीणबाई – ७ नोव्हेंबर २००८, सकाळी ११.१८

पेठकर, 'पटवा' हे बरोबर आहे, बाकीचं अर्धवट.

इथली घटना बदलणं फार सोपं आहे. सात लाखांच्या आसपास सह्या जमवा आणि निम्म्याहून एक मत जास्त मिळवा, झालं. शाळेचं बॉण्ड काढायचं तर त्यापेक्षा जास्त टक्के लागतात. घटनेचा पायाच हलवायचा असेल तर मात्र आधी विधिमंडळाचं दोन तृतीयांश बहुमत लागतं. मूलभूत हक्क एका गटापुरता काढून घेणं ही साधी दुरुस्ती की पायाच हलवणं, हा प्रश्न घेऊन लोक कोर्टात गेलेच आहेत.

तळ्याकाठचा, तुमच्या लग्नाबद्दल: ॲटर्नी जनरल जेरी ब्राउन यांनी म्हटलं आहे की आधी झालेली लग्नं टिकतील असं त्यांचं मत आहे. कागद जपून ठेवा, दोन प्रमाणित प्रती काढून घ्या. आणि वाईट वाटेल, पण लक्षात असू द्या: केंद्र सरकार तुमचं लग्न मुळात मानतच नाही. 'हे' नागरिक असले तरी तुमच्या ग्रीन कार्डाला त्यांचा उपयोग शून्य. नोकरी सांभाळा.

एक आकडा उशाशी ठेवा. २००० साली अशाच प्रस्तावाला, प्रपोझिशन २२ ला, ६१ टक्के मिळाले होते. यंदा ५२. आठ वर्षांत नऊ टक्के.

बोस्टनचा_बाळ्या – ७ नोव्हेंबर २००८, दुपारी २.५०

डबा गेला खड्ड्यात. नवीन घ्या. त्यांच्या मंदिरासमोर जाऊन उभे राहा. लॉस एंजेलिसमध्ये लोक जमलेत, ऑकलंडलाही जमणार आहेत म्हणे. आणि हे फक्त मॉर्मनांचं काम नाही, सीएनएनचे आकडे बघा, काळ्यांनी ७० टक्के 'यस' केलंय. ओबामाला आणलं आणि तुम्हाला पाडलं.

वकिलीणबाई – ७ नोव्हेंबर २००८, दुपारी ३.२६

बाळ्या, एका एक्झिट पोलमधल्या थोडक्या माणसांवरून अख्ख्या समाजाला धोपटू नका. मतदारांत ते दहा टक्क्यांच्या आसपास. बाकीच्या नव्वदांचं काय? आपल्या देशी मंडळींनी काय दिवे लावले ते आधी बघू. माझ्या ओळखीतल्या चौघांनी मला अभिमानाने सांगितलं.

संपादक – ७ नोव्हेंबर २००८, सायंकाळी ६.००

दोन प्रतिसाद काढले आहेत. कोणत्याही धर्मावर, वर्णावर वा लैंगिकतेवर गलिच्छ विनोद चालणार नाहीत. धागा चालू राहील.

नाव_नको_पुणे – ८ नोव्हेंबर २००८, रात्री १२.१२

मी नवीन आयडी काढून लिहितोय. आमच्यासाठी दिल्लीच्या कोर्टात समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल अजून लागायचाय. लग्न सोडा, मी गुन्हेगार आहे की नाही हेच ठरायचंय. तुमच्याकडे निदान मतदान तरी झालं, ४८ टक्के लोक तुमच्या बाजूने उभे राहिले. माझ्या बाजूने इथे किती उभे राहतील, मला मोजायची भीती वाटते.

तुमच्या दुःखाला कमी लेखत नाहीये. फक्त सांगावंसं वाटलं.

वसईकर – ८ नोव्हेंबर २००८, सकाळी १०.४४

तळ्याकाठचा, मी कॅथलिक आहे, मूळचा वसईचा, सॅन होजेजवळ राहतो. आणि मीही तुमच्यातलाच. बायको-मुलं नाहीत कारण विचारलं की 'कामात राहून गेलं' सांगतो.

आमच्या बिशपांनी ८ ला पाठिंबा दिला. नाइट्स ऑफ कोलंबस या कॅथलिक पुरुषांच्या संघटनेने दहा लाख डॉलरहून जास्त दिले. माझ्या धर्मग्रामात प्रवचनात त्याचा उल्लेख झाला तेव्हा मी शेवटच्या बाकावर होतो. उठून जावंसं वाटलं. गेलो नाही. कारण पुढच्या बाकावरची म्हातारी माझा हात धरून 'शांती असो' म्हणते दर रविवारी, आणि ती मला त्या प्रवचनाच्या आधीपासून ओळखते.

लोक म्हणतात चर्च सोड. माझ्या आईने गळ्यात घातलेला क्रूस कुठल्या बिशपाचा नाही.

पण एक लक्षात घ्या, 'धर्म विरुद्ध आपण' हे चित्र खरं नाही. कॅलिफोर्नियातल्या एपिस्कोपल चर्चच्या सहाही बिशपांनी ८ च्या विरोधात जाहीर भूमिका घेतली. रिफॉर्म ज्यूंचे रब्बी, युनिटेरियन मंडळी विरोधात होती. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅस्ट्रो या गे वस्तीत मोस्ट होली रिडीमर म्हणून कॅथलिक चर्च आहे, तिथल्या मिस्साला अर्ध्याहून जास्त लोक आपलेच दिसतात. शेजारच्या बाईंच्याही चर्चमध्ये कोणीतरी शेवटच्या बाकावर बसलं असेल. तुम्ही मंदिरासमोर आरडाओरडा केलात तर तो आवाज त्यालाही ऐकू जाईल.

डबा आणायला जाऊ नका. येईल.

आजी_सनीवेल – ९ नोव्हेंबर २००८, दुपारी ४.२०

मी ६८ वर्षांची आहे. नातीने मराठी टाइप करायला शिकवलं. रोज इथे पाककृती वाचते. हा धागा तीन वेळा वाचला आणि मग लिहायला बसले.

बाळ, मी नागरिक आहे आणि मी 'हो' वर खूण केली.

टीव्हीवर रोज जाहिरात लागायची. एक छोटी मुलगी शाळेतून येते आणि आईला पुस्तक दाखवते, की राजपुत्राने राजपुत्राशी लग्न केलं. नात दुसरीत आहे. मला भीती वाटली. मुलाला विचारलं नाही, सुनेला विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या गोष्टीवर मी एकटीने ठरवलं म्हणून मला अभिमानच वाटला होता, खोटं कशाला बोलू.

तुझ्या डब्याचं वाचलं आणि जेवण गेलं नाही. माझ्याही माळ्यावर तसेच तीन डबे आहेत, तारखा कोरलेले. मी कोणाच्या तरी झाकणावरची तारीख पुसायला मत दिलं असं मला खूण करताना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर काय केलं असतं, तेही मला नक्की माहीत नाही. माझं मन अजून पूर्ण वळलेलं नाही. शास्त्रात नाही ते मला जड जातं. पण तू बोलावलंस तर मी तुझ्या घरी जेवायला येईन, आणि तुझ्या 'ह्यां'ना वाढीन.

तिरकस – ९ नोव्हेंबर २००८, सायंकाळी ५.०१

पहिल्यांदाच काही सुचत नाहीये. चालू द्या.

बोस्टनचा_बाळ्या – ९ नोव्हेंबर २००८, सायंकाळी ५.४५

आजी, माफ करा, पण मत देऊन झाल्यावर जेवायला येणं म्हणजे पाय मोडून कुबड्या भेट देण्यासारखं आहे.

तळ्याकाठचा – १० नोव्हेंबर २००८, रात्री ११.५५

सगळ्यांचे आभार. उत्तराला उशीर झाला कारण काल मी ऑकलंडला गेलो होतो. हो, मंदिरासमोर. हे आले नाहीत. म्हणाले, मला कोणाच्या देवळाबाहेर ओरडायचं नाही. मी गेलो. टेकडीवर पांढरं शुभ्र मंदिर, गर्दी, फलक. एक तास छान वाटलं, घसा बसेपर्यंत. मग एक मोटार आत जायला थांबली, मागच्या सीटवर रविवारच्या कपड्यांतली दोन मुलं, कानांवर हात ठेवलेली. मी फलक खाली घेतला. तेव्हा ते योग्य केलं की पळपुटेपणा, ठरवता आलेलं नाही.

आजी, तुमचं वाचून आधी राग आला. मग ह्यांना इंग्रजीत सांगायला गेलो आणि 'डबे माळ्यावर आहेत' ला अडकलो. जेवायला या. खरंच या. पण आधी एक सांगू द्या. जेवण म्हणजे माफी नाही. तुम्ही शास्त्र माना, देवघरात माना, तुमच्या घरातल्या लग्नात माना, मी कधी येऊन तुमचे अंतरपाट ओढणार नाही. मॉर्मनांच्या मंदिरात आमचं लग्न लावा असंही मी म्हणणार नाही. त्यांच्या मंदिरात तर त्यांच्यातल्याही सगळ्यांना प्रवेश नसतो, तो त्यांचा प्रश्न. मला फक्त काउंटीच्या ऑफिसातला कागद हवा होता, जिथे फी भरतात आणि नंबर लावतात. तिथे कुठलाच देव बसत नाही.

लोक मला सहिष्णुता शिकवतात. शब्द फोडून बघितला. सहन करणं. मग कोण कोणाला सहन करतंय? मी त्यांची पाटी महिनाभर सहन केली, वर लाडू दिले. माझ्याकडून एवढं सहन होतं तर त्यांच्याकडून माझं एक लग्न का नाही?

बाळ्या, काळ्यांबद्दलचं परत इथे लिहू नकोस. डेटाबेसमध्ये मी एका रात्री शेजाऱ्यांचं नाव शोधलं, मला माहीत आहे की दोष द्यायला कोणीतरी सापडलं की किती बरं वाटतं.

वसईकर – १४ नोव्हेंबर २००८, सकाळी ७.३०

बातमी वाचलीत? लॉस एंजेलिस आणि सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन मंदिरांत पांढरी पूड घातलेली पाकिटं आली. पूड निरुपद्रवी निघाली. कोणी पाठवली ते कळलेलं नाही. तिकडे सॅक्रामेंटोत एका नाट्यसंस्थेच्या आर्टिस्टिक डायरेक्टरने ८ ला हजार डॉलर दिल्याचं उघड झाल्यावर राजीनामा दिला, तो स्वतः मॉर्मन.

उद्या देशभर मोर्चे आहेत. मी सॅन होजेच्या मोर्च्याला जाणार आहे. आयुष्यातला पहिला मोर्चा. गळ्यातला क्रूस शर्टाच्या बाहेर काढून जाणार.

तळ्याकाठचा – १८ नोव्हेंबर २००८, रात्री ९.१०

डबा आला.

आम्ही कामाला गेलो असताना पायरीवर ठेवून गेल्या. लख्ख घासलेला. आत काही नाही. झाकणावर पिवळी चिठ्ठी, 'खूप छान होतं, मुलांना गोल काटेरी फार आवडलं.' पाटी कधीच काढलेली आहे.

रिकामा डबा. मी पायरीवरच बसलो. हे विचारत राहिले काय झालं. आपल्यात रिकामा डबा परत देत नाहीत, निदान साखर घालतात, हे ह्यांना समजावून सांगताना मलाच ते हास्यास्पद वाटायला लागलं, आणि तरी वाईट वाटायचं थांबेना.

आजी_सनीवेल – १८ नोव्हेंबर २००८, रात्री १०.०२

अरे, तिला काय ठाऊक रिकामा द्यायचा नसतो! घासून दिलान ना? सून माझे डबे तशीच परत आणते डिशवॉशरमधून. रविवारी येते. पुरण मी घेऊन येईन, तू कटाची आमटी कर.

वकिलीणबाई – २० नोव्हेंबर २००८, सकाळी ९.००

काल सर्वोच्च न्यायालयाने याचिका दाखल करून घेतल्या. निकाल यायला वेळ लागेल.

तळ्याकाठचा – २७ मे २००९, रात्री १२.३०

धागा वर काढतोय. काल निकाल लागला. प्रपोझिशन ८ कायम. पण आधीची लग्नं शाबूत. जवळजवळ १८,००० जोडपी, त्यात आम्ही. म्हणजे आमची जात आता वाढणार नाही, फक्त झिजणार. ऑफिसातला एक अविवाहित गे सहकारी मला म्हणाला, "अभिनंदन, पँडा." मी हसलो आणि दिवसभर त्याच्या तोंडाकडे बघवलं नाही.

नाव_नको_पुणे – २ जुलै २००९, सायंकाळी ७.१५

दिल्ली उच्च न्यायालय. आज मी गुन्हेगार नाही. पेढे वाटले, कशाचे ते कोणाला सांगितलं नाही.

तळ्याकाठचा – २८ जून २०१३, रात्री ११.२०

चार वर्षांनी. बुधवारी वॉशिंग्टनहून दोन निकाल आले. केंद्राने आमचं लग्न मानलं पाहिजे. आणि ८ च्या समर्थकांना अपील करायचा अधिकारच नव्हता, म्हणून सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश वॉन वॉकर यांचा ८ घटनाबाह्य ठरवणारा २०१० चा निकाल उभा राहिला. आज संध्याकाळपासून पुन्हा लग्नं लागतायत. ग्रीन कार्डाच्या रांगेत सात वर्षं उभा आहे, आता नवऱ्याचा नवरा म्हणून नवा अर्ज. वकिलीणबाई, प्रमाणित प्रती कामाला आल्या.

पेठकर – २९ जून २०१३, सकाळी ९.३२

अभिनंदन. पण नोंद असावी, हे तांत्रिक मुद्द्यावर झालं. लोकांचा कौल बासनातच गुंडाळला.

नाव_नको_पुणे – ११ डिसेंबर २०१३, रात्री ८.४०

पुन्हा गुन्हेगार. सुप्रीम कोर्ट. आज काही लिहीत नाही.

नाव_नको_पुणे – १७ ऑक्टोबर २०२३, रात्री ९.०५

२०१८ ला सुटलो. तेव्हा आनंदात इथे लिहायचं राहिलं. आज लग्नाचा निकाल: घटनेत असा मूलभूत हक्क नाही, संसदेने काय ते बघावं. पाचही न्यायाधीशांचं त्यावर एकमत. म्हणजे इथेही शेवटी लोकांनाच पटवायचं. सुरुवात आमच्या सोसायटीच्या चेअरमनपासून करतो.

तळ्याकाठचा – ८ नोव्हेंबर २०२४, रात्री १०.१५

सोळा वर्षांनी पुन्हा दिवाळीच्या आठवड्यात मतदान. प्रपोझिशन ३. घटनेतलं ते जुनं वाक्य निकामी झालं होतं तरी पुस्तकात छापलेलं होतंच, ते काढून टाकायचं का. जवळपास ६३ टक्के 'हो'. कोंबड्यांएवढे. तिरकस, अजून आहात का?

आणि पेठकर, घ्या. लोकांचा कौल.

पेठकर – ९ नोव्हेंबर २०२४, सकाळी ९.३२

मान्य.

वसईकर – ९ नोव्हेंबर २०२४, दुपारी १.००

आजींचा आयडी कधीचा दिसला नाही. आणि डब्याचं पुढे काय झालं?

तळ्याकाठचा – ९ नोव्हेंबर २०२४, रात्री ११.४०

आजी दर दिवाळीला यायच्या, २०१७ पर्यंत. मत बदललं का हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ह्यांना वरणभात हाताने कालवायला त्यांनीच शिकवलं. आता त्यांची नात येते, ती दुसरीतली. यंदा पहिल्यांदा मतदान केलं तिने.

शेजारी अजून तिथेच आहेत. यंदा लॉनवर पाटी फक्त आमची होती. डबा परवा गेला, काल परत आला. घासलेला, रिकामा.